काका, पेन आणि माझी बॅटरी

बॅटरी टिकत नाही, एवढीच माझी तक्रार होती. दुरुस्तीवाला पोरगा सेटिंगमध्ये शिरला आणि भरल्या दुकानात खणखणीत आवाजात माझा निकाल वाचून मोकळा झाला. "दादा, रोजचे ६ तास. त्यात ४ तास नुसते रील. बॅटरी काय करेल बिचारी?"

स्क्रीनगार्डसाठी थांबलेल्या एका काकांनी लगेच खिशातून पेन काढलं. निवृत्त माणसाने पेन काढलं की मला धडकीच भरते.

"६ तास म्हणजे पाव दिवस. म्हणजे पाव वर्ष. ९१ दिवस!" पावतीच्या पाठीवर त्यांनी आकड्याभोवती गोल केला. "अहो, ९१ दिवसांत मूग पेरून, काढून, विकून होतो!"

"मला शेत नाहीये काका."

"असतं तरी पेरला असतात का?"

यावर काय बोलणार? दुकानातल्या बायकाही माना डोलावत होत्या. काकांना चेव चढला. "सांगलीकडे मोहित्यांच्या वडगावात रोज संध्याकाळी ७ ला देवळावरचा भोंगा वाजतो. दीड तास फोन बंद, टीव्ही बंद! २०२२ पासून! तुमच्या पिढीला भोंगाच पाहिजे."

वाजवा की. ७ ला मी ऑफिसातच असतो, आणि तिथे १० तास ज्याच्याकडे डोळे फाडून बघतो तोही स्क्रीनच आहे, पण त्याचा हिशेब कुणी पावतीवर मांडत नाही. साडेआठला खोलीवर पोचतो. खोली म्हणजे कॉट बेसिसवरची एक कॉट. शेजारचा रात्रपाळीवाला झोपलेला, दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही. बागेत बसावं तर रखवालदार शिट्टी फुंकतो. वडगावात भोंग्यानंतर बसायला पार तरी असेल. आमच्याकडे सोसायटीच्या कठड्यावर 'येथे बसू नये' लिहिलंय, आणि कुणी बसलंच तर म्हणून वर खिळेही ठोकलेत. मग माणूस कानात बोळे घालून पांघरुणात रील बघणार नाही तर काय, मूग पेरणार?

यातलं मी काहीच बोललो नाही. फोन उघडून पडला होता, तासभर लागणार होता. काकांचं स्क्रीनगार्ड लागलं, पण ते हलले नाहीत. माझ्या शेजारी स्टूल ओढून त्यांनी व्हॉट्सॲप उघडलं आणि मोठ्या आवाजात कोमट पाण्याच्या फायद्यांचा व्हिडिओ लावून फोन माझ्या नाकासमोर धरला. हा वेळ त्यांच्या खात्यात जाणार की माझ्या, याचा मी विचार करत होतो.

"मध्येच मान वळवू नका," काका म्हणाले. "असे अजून ११ आहेत."