‘यंत्राला भाषा नसते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. आवाजाच्या तपासणीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. आवाजाचा दोष मोजायला जिटर-शिमरसारखे (आवाजातली बारीक अनियमितता मोजणारे) आकडे असताना कानाने ऐकून घोगरेपणा ठरवणं अशास्त्रीय आहे, यंत्राला भाषा नसते म्हणून ते निःपक्षपाती, असं तुमचं म्हणणं. शिवाय शिक्षिका असलेल्या तुमच्या आईंचा आवाज दोन महिने बसलेला असूनही अ‍ॅपवर जिटर ‘नॉर्मल’ आला, आणि मी लोकांना उगाच घाबरवते, हा राग.

एक चूक आधी कबूल करते. ‘हे आकडे निरुपयोगी आहेत’ असं सरसकट लिहायला नको होतं. ते वाक्य आजच बदललं.

पण जिटर निघतो कसा ते बघा. बाईच्या बोलण्यात स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा उघडमीट करतात. एका आवर्तनाला लागलेला वेळ आणि लगेच पुढच्याला लागलेला वेळ, यांतली तफावत म्हणजे जिटर; आवाजाच्या जोरातली तशीच तफावत म्हणजे शिमर. म्हणजे प्रत्येक आवर्तन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे आधी सापडायला हवं. आवाज पार फाटलेला असेल तर ती हद्दच सापडत नाही. सॉफ्टवेअर अंदाजाने रेघा मारतं आणि आकडा मात्र देऊन मोकळं होतं. म्हणून तर अमेरिकेत आवाजाचे अभ्यासक इंगो टिट्झे यांनी १९९५ मध्ये आवाजाचे तीन प्रकार पाडून सांगितलं, की जिटर-शिमर फक्त जवळजवळ नियमित आवाजालाच लावा. पार विस्कटलेला आवाज कानानेच जोखा. आणखी एक : तोच माणूस जरा मोठ्याने ‘आ’ म्हणाला की जिटर कमी येतो. आईंनी वर्गातल्या सवयीने खणखणीत ‘आ’ लावला होता का?

कानाने जोखायचं म्हणजे मनाला येईल ते म्हणायचं नव्हे. जपानच्या मिनोरु हिरानो यांच्या पद्धतीत घोगरेपणा, हवा निसटणं, क्षीणपणा, ताण असं वेगवेगळं ऐकून प्रत्येकाला ० ते ३ गुण देतात. त्यासाठी कान तयार करावा लागतो.

आता भाषेचं. सावकाश ‘मैना’ म्हणा, मग ‘म्हैस’. दुसऱ्या वेळी ‘ऐ’च्या तोंडाशी हवा निसटते, गळ्यात दोष नसतो, मराठीच तशी आहे. कॅन्सस विद्यापीठात केली बर्कसन यांनी २०१३ मध्ये पीएचडीसाठी मराठीतले हेच उच्चार ध्वनिमापनाने तपासले. आवाजात हवा मिसळली की सेपस्ट्रल शिखराचा (आवाज किती नियमित आहे हे दाखवणारा) आकडा घसरतो, आणि बोलत्या आवाजासाठी आज तोच जास्त वापरतात. मग इंग्रजी उताऱ्यावर बेतलेली ‘नॉर्मल’ची मर्यादा ‘म्हातारी न्हाऊन’ अशा वाक्याला जशीच्या तशी लावायची? मला ते मुळीच पटत नाही.

आईंबद्दल मात्र वाद नको. अमेरिकेत आयोवा आणि यूटामध्ये झालेल्या पाहणीत (२००४) आयुष्यात कधी तरी आवाजाचा त्रास झालेले शिक्षक ५७.७ टक्के निघाले, इतर लोक २८.८ टक्के. गाठ असो, सूज असो की एका बाजूचा तंतू लुळा पडलेला असो, आवाज घोगराच येतो. फरक दिसतो तो दुर्बिणीतून. चार आठवड्यांत आवाज सुटला नाही तर स्वरयंत्र बघून घ्यायचं असतं, आणि आईंना दोन महिने झालेत. या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या. काय निघालं ते इथे कळवाल का? मी वाट बघते.