डोईजड

पुण्यात आपल्या डोक्यावर काय असावं, हा प्रश्न कधीच आपल्या एकट्याचा नसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ सांगतं की हेल्मेट असावं, आणि त्या कलमाला या शहराने जितका अभ्यासपूर्ण विरोध केला तितका अभ्यास परीक्षेसाठी केला असता तर घरटी एक कलेक्टर निघाला असता. पुणेरी पगडीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे डोक्यावरच्या वस्तूलाही आमच्याकडे सरकारी कागद आहे. लग्नात फेटेवाला आपल्याला खुर्चीत बसवून डोकं ताब्यात घेतो. उन्हाळ्यात स्कूटरवरच्या मुली स्कार्फने तोंड असं बांधतात की सिग्नलला शेजारी थांबलेल्या सख्ख्या बापालाही पत्ता लागू नये. या सगळ्यातून सुटलेलं एक डोकं माझं होतं, आणि अलीकडे ते नको तितकं मोकळं झालं होतं.

त्वचेच्या डॉक्टरांनी ते उजेडात धरून पाहिलं आणि म्हणाले, "केसांचं आता विसरा. कातडी सांभाळा. रुंद काठाची टोपी घाला, कान आणि मान झाकणारी." क्रिकेटची टोपी कान झाकत नाही. कानटोपी कानच झाकते. गांधी टोपी घालून सोसायटीत फिरलो असतो तर लोकांनी चिन्ह कुठलं मिळालं म्हणून विचारलं असतं. मग मला आमच्या एका चुलत आजोबांचा फोटो आठवला. धोतर, गळाबंद कोट आणि डोक्यावर फेल्ट हॅट. चेहऱ्यावर असा भाव, की फोटोग्राफरने पैसे द्यायचे आहेत. मी ठरवलं, फेल्टचीच घ्यायची, फेदोरा म्हणतात ती. उन्हाळ्यात गवताची आणि थंडीत फेल्टची असा साहेबांचा रिवाज असल्याचं मुलीने शोधून काढलं. तेव्हा डिसेंबर चालू होता, त्यामुळे रिवाज माझ्या बाजूने होता.

लक्ष्मी रोडवरच्या दुकानात मी "फेल्ट हॅट आहे का?" म्हटल्यावर समोरच्याने शांतपणे विचारलं, "वऱ्हाडी किती?" एकच डोकं आहे म्हटल्यावर त्यांचा माझ्यातला रस संपला. तिथून कोणीतरी ड्रेपरीवाल्याकडे पाठवलं. तो म्हणाला, "आहे ना. जासूस पाहिजे का मायकल जॅक्सन?" मी म्हटलं, माझ्यासाठी पाहिजे. "हो, पण कितवीत आहे? गॅदरिंग कधी?" कॅम्पात फॅशन स्ट्रीटवर हॅटा ढिगाने होत्या, पण त्या कागदी गवताच्या आणि त्यांचा काठ जेमतेम दोन बोटांचा. असल्या आखूड काठाच्या प्रकाराला ट्रिल्बी म्हणतात. ती कान झाकत नाही, फक्त माणूस गोव्याला निघाल्याची वार्ता पसरवते.

शेवटी मागवायची ठरली. त्यासाठी डोक्याचं माप हवं. कपाळाच्या मध्यावरून आणि कानांच्या जरा वरून टेप फिरवायची. बायकोने ब्लाउजच्या मापाची टेप काढली आणि ५८ सेंटिमीटर भरले. तक्त्यात पाहिलं तर हेच डोकं अमेरिकेत सव्वासात आणि लंडनमध्ये सात पूर्णांक एक अष्टमांश. "दीडशे वर्षं राज्य केलं, पण कमीच लेखलं," बायको म्हणाली.

आता प्रश्न कापडाचा. खरं तर फेल्ट हे कापडच नव्हे, कारण ते विणलेलं नसतं. लोकरीच्या किंवा केसांच्या तंतूंवर बारीक खवले असतात. उष्णता, ओल आणि दाब मिळाला की ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटायचं नाव घेत नाहीत. आपल्याकडे घोंगडी विणतात, पण जेन, म्हणजे लोकरीचं अंथरूण, जमवतात, ते याच पद्धतीने. भारी हॅट सशाच्या किंवा बीव्हरच्या केसांची असते. ती पावसाला दाद देत नाही आणि धरलेला आकार सोडत नाही. इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावात बोर्सालिनो १८५७ पासून तशा हॅटा बनवतात. किंमत पाहून मला त्या गावाबद्दल आदर वाटला आणि मी फोन खाली ठेवला. त्यातली सशाची तेवढी परवडण्यासारखी सापडली.

"सशाचे केस?" आई स्वयंपाकघरातून म्हणाली. "ते घालून माझ्या देवघरापुढून जाणार तू?"

मी साधी लोकरीची दाखवली. आईचा चेहरा निवळला. "लोकर चालेल. धाबळी लोकरीचीच असते. सोवळ्यात बसते." अशा रीतीने एक युरोपीय टोपी आमच्या घरी सोवळ्याच्या निकषावर पास झाली. सशाच्या केसांवर पूर्वी पाऱ्याची प्रक्रिया करत आणि त्या विषाने टोप्या करणाऱ्यांचे हात थरथरत, डोकं फिरे. अमेरिकेत हा प्रकार १९४१ साली बंद झाला. हे मी आईच्या बाजूचा पुरावा म्हणून मोठ्याने वाचून दाखवलं. बायको म्हणाली, "करणाऱ्यांचं कळलं. घालणाऱ्यांचं काय व्हायचं?"

हॅट आली ती बिनघडीची. शिकलेले लोक अशीच मागवतात म्हणे, म्हणजे डोक्यावरची खाच आपल्या मनासारखी पाडता येते. मी ती घालून आरशात पाहिलं आणि थेट विजापूर आठवलं. घुमटाला खाच पाडायची तर आधी वाफ हवी. वाफेने फेल्ट मऊ पडतं, तेवढ्यात हाताने आकार द्यायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचा. सांगायला सोपं आहे. विजेच्या किटलीला उकळी फुटली की ती खट्कन बंद होते, आणि फेल्ट आत्ता कुठे विचार करायला लागलेलं असतं. पातेल्याची वाफ चष्म्यावरच जास्त बसते. मोदकपात्राकडे मी नुसती मान वळवली होती, तर बायको म्हणाली, "गणपतीचं आहे ते. हात लावायचा नाही." मग कपाटाच्या वरच्या खणातून २०२० सालचं वाफाऱ्याचं यंत्र निघालं. त्या वर्षी ते घरोघरी आलं होतं आणि टाकून द्यायचा धीर अजून कोणाला झालेला नाही. त्याच्या पोटात निलगिरीचं तेल मुरलेलं होतं. हॅट मऊ पडली, आणि तिची सर्दी तर कायमची गेली.

खाच पाडायची रीत अशी, की तळहाताच्या कडेने मधोमध लांबट खळगा दाबायचा, मागे रुंद आणि पुढे निमुळता, पाण्याच्या थेंबासारखा. मग पुढच्या बाजूला दोन्हीकडून चिमटा घ्यायचा. माझा खळगा पडला, पण चिमटा काही केल्या टिकेना. हात काढला की फेल्ट हळूच फुगून पूर्वपदावर. आई दारात उभी राहून बघत होती. बराच वेळ सहन केल्यावर ती म्हणाली, "सरक. तू नुसता दाबतोयस. दाबून कळी पडते का कधी? पारीला आतून आधार द्यायचा आणि बाहेरून बोटं चालवायची." पन्नास वर्षं उकडीच्या मोदकांना कळ्या पाडलेली बोटं ती. वाफेचे चटके तिला लागत नाहीत. तिने हॅट डाव्या हातात घेतली, आत दोन बोटं घातली, आणि बघता बघता असा देखणा चिमटा काढला की इटलीतल्या माणसाने पाट मांडून जेवायला बसवावं. तिला वेळेवर थांबवलं म्हणून बरं, नाहीतर अकरा कळ्या पडून वर नाकही निघालं असतं.

यापुढे हॅट हातात कशी घ्यायची याचे नियम सुरू होतात. चिमट्याला धरून उचलायची नाही, तिथेच फेल्ट झिजतं आणि फाटतं. दोन्ही हातांनी काठाला धरायची. ठेवताना उलटी, टाळूवर ठेवायची, नाहीतर काठाचा बाक जातो. आतल्या घामपट्टीवर बारीकशी गाठ असते, ती मागे. बाहेरच्या रिबिनीची गाठ डावीकडे. तापलेल्या गाडीत ठेवायची नाही. यातला कुठलाही नियम अवघड नाही. अवघड आहे ते पुण्यात राहून ते पाळणं. कारण इथे माणूस दुचाकीवर असतो. दुचाकीवर हॅट घातली तर ती म्हात्रे पुलावरून मुठेत जाते. हेल्मेट घातलं तर हॅटला डोकं उरत नाही. डिकीत ठेवावी तर ती चेपते आणि भाजते. हँडलला अडकवायला तिला बंद नाही. मागे बसून बायकोने दोन्ही हातांनी काठाला धरून न्यावी असा एक मार्ग मी सुचवून पाहिला. त्यावर घरात चर्चा झाली नाही. म्हणून मी रिक्षा करू लागलो, तर रिक्षाचं छत माझी टाळू धरून शिवलेलं. आत शिरताना आईने काढलेली कळी पहिली आपटते. शेवटी मी चालू लागलो. डॉक्टर खूश झाले. त्यांनी एका टोपीत दोन उपचार केले होते.

पायी जाणारा हॅटवाला म्हणजे रस्त्यावरचं वाचनालय. ज्याला वाटेल तो उघडून बघतो. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यवाल्याने "शूटिंग कुठाय?" म्हणून विचारलं. "काय हो, कोणी टोपी घातली?" हा विनोद सोसायटीतल्या प्रत्येकाने स्वतंत्रपणे शोधून काढला आणि प्रत्येक जण तो सांगून झाल्यावर माझ्याकडे दाद मागत थांबला. तळजाईवर सकाळी एका अनोळखी आजोबांनी मला हाताने थांबवून हॅटचं कापड चिमटीत धरून पाहिलं, "लोकर," असं स्वतःलाच सांगितलं आणि ते पुढे गेले. आमच्या जिन्यातले शेजारी मात्र हॅटबद्दल कधीच काही बोलले नाहीत. रोज ते तिच्याकडे बघत, मग माझ्याकडे बघत, आणि पाणी आलं का म्हणून विचारत.

भाचीच्या लग्नाला मी ती घालून गेलो. फेटेवाल्याला मी लांबूनच हात जोडले. मंगलाष्टकं सुरू झाली आणि मागच्या रांगांतून येणाऱ्या अक्षता वधूवरांपर्यंत पोचेनात. "सावधान" झालं की तांदळाची एक सर काठावर पडे. पाचव्या मंगलाष्टकापर्यंत माझ्या डोक्याभोवती दोन माणसांच्या भाताची सोय झाली होती. वाजंत्री वाजल्यावर मी नमस्काराला वाकलो आणि ते सगळे तांदूळ मुलाकडच्या एका वयस्कर आत्याबाईंच्या पदरात ओतले गेले. त्यांनी डोळे मिटून ते कपाळाला लावले. आहेरात त्यांच्याकडून आमच्या घराला वेगळं पाकीट आलं, ते कशाचं हे अजून कळलेलं नाही.

रस्त्यांवरच्या धुळीमुळे ब्रश रोजच करावा लागे. मऊ केसांचा ब्रश घ्यायचा आणि काठावरून, टाळूवरून घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरवायचा, कारण लव त्याच दिशेने बसवलेली असते. मी गॅलरीत उभा राहून हे करत होतो आणि आईच्या हातातली जपमाळ थांबली. "उलट्या फेऱ्या कोणासाठी घालतात, माहीत आहे ना?" मी लवेचं शास्त्र समजावलं. "लव असो नाहीतर काहीही असो. सकाळी सकाळी अप्रदक्षिणा नको घरात." तेव्हापासून मी ब्रश जिन्यात करतो. शेजारी वर-खाली करताना बघतात आणि पाणी आलं का विचारतात. लोकरीला कसर लागते, म्हणून उन्हाळ्यात हॅट डांबरगोळ्यांसह खोक्यात ठेवली. पावसाच्या आधी बाहेर काढली तेव्हा तिला निलगिरी आणि डांबरगोळी असा दुहेरी वास होता. जवळ बसणारे आपोआप लांब बसू लागले. बसमध्ये हे सोयीचं पडतं.

आणि मग जूनमध्ये, आकाशात एक ढग नसताना, कर्वे रस्त्यावर मला पावसाने गाठलं. पुण्यात पहिला पाऊस हवामान खात्याला विचारत नाही, मला कशाला विचारेल. सशाची असती तर तिने पाणी झटकून टाकलं असतं. आमची सोवळी लोकर चिंब झाली. काठाने चहूबाजूंनी मान टाकली आणि मला रस्ता दिसेना. घरी येऊन मी सगळं शास्त्रशुद्ध केलं. पाणी हलकेच टिपलं, चिमटा हाताने सारखा केला, घामपट्टी बाहेर वळवली आणि हॅट त्या पट्टीवर उभी ठेवली. ऊन नको, हीटर नको, तिची ती वाळली पाहिजे. आता, पुण्यात जून-जुलैमध्ये आपलं आपण काहीही वाळत नाही. हॉलमध्ये दोऱ्या, दोऱ्यांवर चादरी, चादरींखाली आम्ही आणि मधोमध स्टुलावर हॅट. पाहुण्यांना तिला वळसा घालून जावं लागे. कोणीही तिच्याकडे बोट केलं की मी "हात नको" म्हणे. शेवटी मुलीला माझी दया आली. मी आंघोळीला गेलो असताना तिने हेअर ड्रायर पूर्ण वेगावर लावून, अगदी प्रेमाने, हॅट कडक वाळवून ठेवली. "बाबा, बघ, झाली!"

ओल होती, उष्णता मिळाली. तंतूंना बाकी काय हवं असतं? कारखान्यात अर्धवट राहिलेलं काम त्यांनी आमच्या हॉलमध्ये पूर्ण केलं. मी हॅट घातली तर ती डोक्यावर टेकली आणि तिथेच थांबली, खाली येईना. बायकोने टेप आणली. ५६ सेंटिमीटर.

"माझं ५६ आहे," बायको म्हणाली. तिने हॅट घेतली, गाठ मागे, रिबीन डावीकडे, काठ पुढून किंचित खाली. एकही नियम कोणी सांगितला नव्हता. तशीच ती आरशापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "नाहीतरी ही आधी बायकांचीच. १८८२ साली पॅरिसमध्ये सारा बर्नहार्ट नावाच्या नटीने नाटकात घातली होती, फेदोरा नावाच्या राजकन्येच्या कामात. नाव तिथूनच आलं. तूच वाचून दाखवलंस." आईने मागून येऊन चिमटा जरा नीट केला आणि "तुझ्या चेहऱ्याला जातो," असा निर्वाळा दिला. माझ्या वेळी ती चेहऱ्याबद्दल काही बोलली नव्हती.

संध्याकाळी आम्ही दोघं भाजी आणायला निघालो. जिन्यात शेजारी भेटले. त्यांनी हॅटकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि इतक्या महिन्यांत प्रथमच पाण्याचा विषय निघाला नाही.

"वा वहिनी! काय शोभतेय तुम्हाला," ते म्हणाले. मग माझ्या डोक्याकडे वळून, आवाज जरा खाली आणून म्हणाले, "तुम्ही मात्र असलं काही घालू नका बरं का. तुम्हाला नाही जायचं."