स्वाइप ओळखताना आपण कुणाचं बोट गृहीत धरतो?

परवा एका सहकाऱ्याचा कोड तपासताना पुन्हा तोच तुकडा समोर आला. बोट टेकलं की आडवी जागा लक्षात ठेवायची, बोट उचललं की नवी जागा घ्यायची, वजाबाकी करायची. उत्तर 100 च्या वर गेलं की उजवीकडे स्वाइप, उणे 100 च्या खाली गेलं की डावीकडे. पाच-सहा ओळींत काम झालं, आणि त्या स्वाइपवर लावलं होतं काय, तर यादीतली नोंद पुसून टाकणं.

हे शंभर कसले? पिक्सेल. अँड्रॉइडमध्ये मापाचा पाया 160 घनतेची स्क्रीन हा आहे, म्हणजे एका इंचात 160 ठिपके. अशा स्क्रीनवर 100 पिक्सेल म्हणजे साधारण 16 मिलीमीटर. 480 घनतेच्या फोनवर तेच 100 पिक्सेल जेमतेम 5 मिलीमीटर भरतात. कोड एकच, पण एका माणसाला बोट चांगलं ओढावं लागतं आणि दुसऱ्याचं नुसतं सरकलं तरी नोंद जाते. म्हणून अंतर डीपीमध्येच (160 घनतेच्या स्क्रीनवरच्या एका पिक्सेलएवढं, स्क्रीन कुठलीही असली तरी साधारण तेवढंच राहणारं माप) मोजायला हवं, आणि प्लॅटफॉर्मने दिलेले आकडे असतील तर तेच घ्यायला हवेत. बोट 'हललं' असं कधी मानायचं याचं अँड्रॉइडचं मूळ माप 8 डीपी आहे, सव्वा मिलीमीटरच्या आसपास. फोन बनवणारे आपल्या टचपॅनेलनुसार ते बदलू शकतात, म्हणून ते हाताने लिहू नये, अँड्रॉइडमध्ये असे आकडे देणाऱ्या व्ह्यूकॉन्फिगरेशनकडून मागून घ्यावं.

पण अंतर हा यातला सोपा भाग. खरी गडबड दिशेत होते. फोन एका हातात धरून अंगठ्याने यादी वर सरकवा आणि अंगठा कसा जातो ते बघा. तो सरळ वर जात नाही, कारण तो मुळाशी जोडलेला आहे, तो कमान काढतो. म्हणजे साध्या उभ्या स्क्रोलमध्येही आडवं अंतर जमा होत असतं. फक्त आडवी वजाबाकी करणाऱ्या कोडला ही कमान स्वाइप वाटते. आडवं अंतर उभ्या अंतरापेक्षा ठळकपणे जास्त असल्याशिवाय स्वाइप मानूच नये. मी निदान दीडपट धरते, पुसण्यासारखं काम असेल तर दुप्पट. आणि एकदा दिशा ठरली की बोट उचलेपर्यंत ती बदलू नये, नाहीतर यादी आणि नोंदीचं कार्ड दोन्ही एकदमच हलायला लागतात.

मग वेग. सुरुवात आणि शेवट एवढंच बघितलं तर मधलं सगळं हरवतं. माणूस कार्ड अर्ध्यापर्यंत ओढतो, थांबतो, विचार बदलतो, परत मागे आणायला लागतो आणि बोट उचलतो. अंतर अजून शंभरच्या वरच असतं, पण मनात 'नको' आलेलं असतं. ते 'नको' बोट उचलतानाच्या वेगात आणि त्याच्या दिशेत दिसतं. अँड्रॉइडचा बोटाचा वेग मोजणारा व्हेलॉसिटीट्रॅकर हाताशी आहे तो यासाठीच. फ्लिंगसाठी, म्हणजे झटका देऊन बोट उचलण्यासाठी, अँड्रॉइडची मूळ किमान मर्यादा सेकंदाला 50 डीपी आहे, म्हणजे सेकंदाला 8 मिलीमीटर. ही अगदी संथ हालचाल झाली. यादी घरंगळत ठेवायला ती ठीक, पण तेवढ्यावर कुणाची नोंद पुसणं मला मान्य नाही.

छोट्या अडचणींबद्दल थोडक्यात. अँड्रॉइडचा हालचाली ओळखणारा जेस्चर डिटेक्टर लावला आणि ऑनफ्लिंग (फ्लिंग झाल्याची सूचना) येतच नाही, तर बहुतेक वेळा ऑनडाऊनमधून (बोट टेकल्याच्या सूचनेतून) ट्रू, म्हणजे 'हो', परत केलेलं नसतं. आणि कॅन्सलची, म्हणजे स्पर्श मध्येच रद्द झाल्याची, घटना विसरू नका. कार्ड ज्यात बसलं आहे त्या सरकणाऱ्या यादीने मध्येच स्पर्श स्वतःकडे ओढून घेतला की बोट उचलल्याची घटना येत नाही, कॅन्सल येते. ती हाताळली नाही तर कार्ड अर्धवट सरकलेलं तसंच लटकत राहतं.

आयफोनवर स्वाइप ओळखणारा तयार स्वाइप रेकग्नायझर 2010 पासून आहे, पण तो हालचाल ओळखली की एकदाच सांगतो. मी बोट ओढलं जाताना सतत कळवणारा पॅन रेकग्नायझर घेते. त्यात कार्ड बोटाबरोबर सरकतं, खालचा लाल रंग आणि 'पुसा' हा शब्द दिसू लागतो, आणि माणसाला परत फिरता येतं. कडांपासूनही लांब राहा. अँड्रॉइड 10 मध्ये, 2019 साली, दोन्ही कडांवरून आत ओढणं म्हणजे 'मागे जा' झालं. त्यातून ॲपला सूट मागता येते, पण प्रत्येक कडेला 200 डीपी उंचीपुरतीच.

आता मला हे इतकं का लागतं ते सांगते. माझ्या आईचे हात कापतात. एका ॲपमध्ये यादी वर सरकवायला तिने बोट टेकवलं, ते थरथरत बाजूला गेलं आणि तिने जपून ठेवलेली नोंद गेली. परत आणायची सोय नव्हती. "माझ्याकडूनच काहीतरी चुकलं असेल," असं ती म्हणाली, आणि नंतर कितीतरी दिवस तिने ते ॲप उघडलंच नाही. तिचं काहीच चुकलं नव्हतं. कुणीतरी स्वतःच्या बोटावर आकडा ठरवला होता.

म्हणून माझं ठाम मत आहे: जे काम स्वाइपने होतं त्यासाठी दिसणारं बटणही असलंच पाहिजे, आणि पुसल्यावर 'परत आणा' हवंच. ही माझी एकटीची हौस नाही. 2018 च्या वेब ॲक्सेसिबिलिटीच्या (अपंग व्यक्तींनाही वापरता यावं यासाठीच्या) 2.1 नियमांत, सगळ्यात प्राथमिक पातळीवर, हेच मागितलं आहे की बोटाच्या विशिष्ट मार्गावर अवलंबून असलेलं काम साध्या एका स्पर्शानेही करता यावं. 2023 च्या 2.2 मध्ये ओढण्याच्या हालचालींसाठीही तशी अट आली. आणि टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर (अँड्रॉइड आणि आयफोनवरचे स्क्रीन वाचून दाखवणारे प्रोग्राम) चालू असेल तर एका बोटाचा उजवा-डावा स्वाइप पुढच्या-मागच्या घटकावर जाण्यासाठी वापरला जातो. तुमचा स्वाइप तिथे पोहोचतच नाही. न बघता फोन वापरणाऱ्यासाठी ते काम ॲपमध्ये अस्तित्वातच नसतं. दोन्ही प्लॅटफॉर्मवर कस्टम ॲक्शन, म्हणजे त्या प्रोग्राममधून निवडता येणारी आपली कामं, जोडता येतात, काही ओळींचं काम आहे.

"स्क्रीनवर गर्दी होते" हे उत्तर मी खूप ऐकलंय. तीन ठिपक्यांच्या मेनूत एक ओळ वाढल्याने गर्दी होत नाही.

शेवटी टेस्टिंग. एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या नकली फोनवर, माउसने स्वाइप केला की रेघ कशी छान सरळ जाते. त्या रेघेवर कुठलाही कोड पास होतो. सहकाऱ्याला मी कोड परत पाठवताना एवढंच लिहिलं: खरा फोन घे, टेबलावर ठेव, मनगट न टेकवता ज्या हाताची सवय नाही त्याच्या बोटाने यादी वीस वेळा वर सरकव, आणि किती नोंदी गेल्या ते मोज. संध्याकाळी त्याचा निरोप आला, "सहा." दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने नवा कोड टाकला, त्यात शंभर नव्हता आणि मेनूत 'पुसा' होतं.