सी ड्राईव्हचा फेरफार

यवतमाळ जिल्ह्यात आमच्या गावाकडे हातभर धुऱ्यापायी माणसं पिढ्यान् पिढ्या कोर्टाच्या तारखा करतात. अशा गावात, पदरच्या पैशानं घेतलेल्या कॉम्प्युटरवर मालक म्हणून परक्याचं नाव निघालं तर काय होईल, याचा विचार विंडोज बनवणाऱ्यांनी केलेला नव्हता.

झालं काय, सी ड्राईव्हची निळी पट्टी लाल झाली. रिकामी जागा दहा टक्क्यांच्या आत आली की ती लाल होते. दिवाळीची साफसफाई सुरू होती, कोठ्यातलं भंगार निघालं होतं, आणि बाबांचा हात चांगलाच चालता झाला होता. ते कॉम्प्युटरकडे वळले. माझा दहावीतला पुतण्या मदतीला. सगळ्यात जास्त जागा कोणी अडवली? विंडोज नावाच्या फोल्डरनं.

"आपण तं एक्सेल वापरतो," बाबा म्हणाले. "हे विंडोज कोण वापरते?"

आत सिस्टम३२, म्हणजे विंडोज ज्यांच्यावर चालतं त्या फायलींचं फोल्डर. डिलीट दाबलं तर परवानगी नाही. परवानगी कोणाची पाहिजे? ट्रस्टेडइन्स्टॉलरची. २००७ सालच्या व्हिस्टा या आवृत्तीपासून विंडोज आपल्या नाजूक फायली याच नावावर ठेवतं, म्हणजे घरमालकानंही त्या चुकून पुसू नयेत. बाबांना मात्र त्यात सरळसरळ कब्जा दिसला.

"हा कोण बाप्पा? पैसे आपण देल्ले, लाईट बिल आपण भरतो, अन् मालकीत याचं नाव कसं लागलं?"

पुतण्यानं व्हिडिओ पाहून फेरफार करून दिला. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड आणि मालकाच्या नावापुढे 'चेंज'. तलाठ्याकडे चकरा नाहीत, नोटीस नाही, हरकतीची पंधरा दिवसांची मुदत नाही. असा बिनबोभाट फेरफार बाबांनी हयातीत पाहिला नव्हता. त्या आनंदात त्यांनी शिफ्ट धरून डिलीट मारलं. रिसायकल बिन त्यांना मुळातच पटत नाही, "कचरा काढून घरातच ठेवाचा काय?" काही फायली वापरात होत्या, त्या हटेनात. तिथे 'स्किप'. मग सगळं नीट लागावं म्हणून कॉम्प्युटर एकदा बंद करून चालू केला.

मी वावरातून आलो तेव्हा काळ्या पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत होते आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं की आपोआप दुरुस्तीची तयारी चालू आहे.

"करून रायला तो," बाबा म्हणाले. "तू चहा घे."

चहा झाला. मग पडद्यानं सांगितलं की दुरुस्ती काही जमली नाही. बाबांचं निदान तयार होतं: "त्या ट्रस्टेडवाल्यानं जाता जाता काही तरी करून ठेवलं."

बाबांची बाजू घ्यायची तर २००२ साली शहाण्यासुरत्या लोकांनी याहून वाईट केलं होतं. टेडी बेअरचं चित्र असलेली एक फाईल व्हायरस आहे, लगेच काढा, अशी ईमेल जगभर फिरली आणि लोकांनी ती स्वतःच्या हातानं काढली. फाईल विंडोजचीच होती, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या कामाची. बाबांनी निदान कोणाचं ऐकून काही केलं नव्हतं.

आता नवीन विंडोज टाकायला निदान आठ जीबीचा पेनड्राईव्ह पाहिजे. घरात तो एकच, ट्रॅक्टरच्या टेपला लावलेला. त्यातली सगळी गाणी पुसली जाणार म्हटल्यावर माझा भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. सेतू केंद्रातल्या पोरानं पेनड्राईव्ह बनवून दिला आणि "तुमच्या बाबांना सांगू नका मी दिला म्हणून" असंही बजावलं.

पेनड्राईव्हवरून कॉम्प्युटर सुरू केला, शिफ्ट आणि एफ-टेन दाबून हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि एसएफसी, म्हणजे विंडोजच्या बिघडलेल्या फायली शोधून सुधारणारा प्रोग्रॅम, चालवलं. त्यानं बराच वेळ टक्के मोजले, मग काही फायली सुधारता आल्या नाहीत म्हणून हात वर केले. नवीन विंडोज टाकायच्या आधी फोटो आणि बाबांचे अर्ज तरी वाचवायचे होते. इथे एक चोरदरवाजा आहे, तो मला भारी आवडतो. काळ्या खिडकीत 'नोटपॅड' टाइप करायचं. नोटपॅड उघडतं. फाईल, ओपन, खाली 'ऑल फाईल्स'. त्या एवढ्याशा चौकटीत आख्खा कॉम्प्युटर दिसतो. राइट क्लिक करून कॉपी करायचं, बाहेरच्या डिस्कवर पेस्ट करायचं. फक्त सी म्हणजे सी असेलच असं नाही. आमचा सी तिथे डी म्हणून बसला होता. बाबा मागे उभे राहून म्हणाले, "पाह्य, नाव बदलून बसला."

नवीन विंडोज टाकून झालं. मधेच लाईन जाईल म्हणून शेजाऱ्याचं इन्व्हर्टर उसनं आणलं होतं, तर नेमकी लाईन गेली नाही. खरी पंचाईत पुढे झाली. बाबांनी आपली जुनी फाईल उघडली आणि किंचाळले, "माह्या मराठीचं याने इंग्रजी केलं!"

बाबांचे सगळे अर्ज कृतिदेवमध्ये. तो फॉन्ट नसेल तर त्यातलं मराठी उघडं पडतं, नुसती इंग्रजी अक्षरं. 'मा. तहसीलदार' यांच्या जागी 'ई के' आणि पुढे 'आर जी एल एच वाय एन के जे' असे कोणी साहेब बसले होते. बाबांनी ते नाव दोनदा मोठ्यानं वाचलं. बदली झाली काय, असंही विचारलं.

फॉन्ट सेतूतून आणला. तो कुठे टाकायचा, तर विंडोजच्याच फोल्डरमध्ये, 'फॉन्ट्स'मध्ये.

"म्हणजे माही मराठी याच्यात होती?" बाबा म्हणाले. "मंग बाहेर पाटी लावाले काय झालं होतं?"

तहसीलदार परत आले. अर्ज पांदण रस्त्याचा होता, आमच्या वावराकडे जाणाऱ्या, २०१४ सालचा. पावसाळ्यात बंडी जात नाही, बैल गुडघाभर चिखलात फसतात, तरी मेहेरबान साहेबांनी मौका पाहणी करावी, वगैरे. बाबांनी तो चष्मा वर-खाली करत शेवटपर्यंत वाचला, वर्ष खोडून चालू वर्ष टाकलं आणि प्रिंट काढली. बाकी काहीच बदलावं लागलं नाही.