सुट्या पानांच्या संग्रहावरील प्रतिक्रियेला उत्तर

‘एक ग्रंथप्रेमी’ यांस,

सप्रेम नमस्कार. वनस्पतींच्या जुन्या छापील चित्रांच्या संग्रहाविषयी मी लिहिलेल्या लेखावर आपण चार आक्षेप घेतले आहेत. ही चित्रे आंतरजालावर फुकट पाहता येतात, त्यांवरचे रंग बहुधा नंतर चढवलेले असतात, किमतींचा उल्लेख बढाईखोर वाटतो आणि, आपल्याच शब्दांत, ‘फ्लॅटच्या भिंती सजवण्यासाठी सुटी पाने विकत घेणारेच जुन्या ग्रंथांचे खरे मारेकरी आहेत.’ किमती लिहिल्या नसत्या तरी चालले असते, हे मान्य. त्या दोन ओळी मी काढल्या आहेत. बाकी उत्तर प्रामुख्याने शेवटच्या वाक्याला, कारण ते झोंबावे म्हणूनच लिहिलेले दिसते.

एखाद्याचा छंद आपल्याला पटत नसेल, तर तसे सभ्य शब्दांत सांगता येते. आपण थेट खुनाचा आरोप केलात आणि खाली स्वतःचे नावही घातले नाहीत. माझी उमेदीची वर्षे ठाण्यातल्या वागळे इस्टेटमधल्या छापखान्यात गेली. कागदाची जात बोटांनी ओळखणे, चार रंगांचे रजिस्टर, म्हणजे एकावर एक नेमकी जुळणी, केसभर हलले तरी ताव बाजूला काढणे, बाइंडिंगला जाण्यापूर्वी फर्म्यांची, म्हणजे घडी घातलेल्या छापील तावांची, जुळणी तपासणे, हे माझे रोजचे काम होते. पुस्तक म्हणजे काय, हे मला या वयात एका निनावी गृहस्थांकडून शिकावे लागेल असे वाटले नव्हते.

आता सुट्या पानांविषयी. प्रत्येक सुटे पान ग्रंथ फोडूनच काढलेले असते असे नाही. विल्यम कर्टिस यांनी १७८७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेले ‘बोटॅनिकल मॅगझीन’ तीन चित्रे आणि त्यांची वर्णने अशा पातळ मासिक अंकांतून एका शिलिंगला मिळत असे, आणि ते अंक बांधून घ्यायचे की तसेच ठेवायचे हे वर्गणीदार ठरवत. त्यातील चित्रे १९४८ पर्यंत हाताने रंगवली जात होती. माझ्याकडची बहुतेक पाने याच मासिकाची आहेत आणि त्यांच्या डाव्या कडेला अंकाच्या शिवणीची भोके आजही दिसतात. वनस्पतिशास्त्रज्ञ वॉलिक यांचा ‘प्लांटी एशियाटिकी रॅरिओरेस’ हा आशियातील दुर्मीळ वनस्पतींवरचा, १८३० ते १८३२ या काळातला ग्रंथसुद्धा भागाभागांनीच बाहेर पडला. त्यातील उर्वशी या वृक्षाच्या फुलांचे चित्र विष्णुप्रसाद या भारतीय चित्रकाराचे आहे, आणि त्याचे नाव मी पहिल्यांदा वाचले ते विक्रीस आलेल्या अशाच एका सुट्या पानाच्या तळाशी, नखाएवढ्या अक्षरांत. भिंत सजवणाऱ्यांना एवढे वाचायची सवय नसते, असे आपण गृहीत धरले असावे.

नौपाड्यातला एक जुना वाडा पुनर्विकासासाठी रिकामा होत होता, तेव्हा माळ्यावरचे सामान रद्दीच्या टेम्पोत चढत असताना मी तिथे पोहोचलो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलचे बांधीव खंड त्यात होते. कापडी पुठ्ठे वरून शाबूत, पण उघडले की आत वाळवीची माती. मजकुराची पाने जवळजवळ नाहीशी झालेली आणि जाड कागदावरची शिळाछापाची बदकांची चित्रे तेवढी कडा कुरतडलेल्या अवस्थेत उरलेली. ती मी रद्दीच्या भावाने घेतली, मऊ ब्रशने झाडली, आम्लमुक्त माउंटमध्ये ठेवली, आणि ठाण्याच्या दमट हवेत त्यांवर तांबूस डाग पडू नयेत म्हणून पावसाळाभर कपाटातली सिलिका जेलची पाकिटे बदलत असतो. त्या दिवशी त्या माळ्याखाली एकही ग्रंथप्रेमी उभा नव्हता.

मागणी असते म्हणूनच विक्रेते धडधाकट ग्रंथ फोडतात, असे आपण यावर म्हणाल. असे विक्रेते आहेत. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांच्या ‘प्लांट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमांडेल’ या तीनशे चित्रांच्या ग्रंथाचे खंड अखंड विकण्यापेक्षा त्यातला पळस वेगळा विकणे सोपे, हा त्यांचा हिशोब. माझा त्यांच्याशी व्यवहार नाही. पात्याने नुकतीच कापलेली स्वच्छ कड दिसली की मी पान खाली ठेवतो, आणि कर्टिसचे चित्र घेताना त्याच्या वर्णनाचे पानही मागतो, कारण फोडणारे लोक मजकूर टाकून देतात. मलबारच्या वनस्पतींवरील ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथाच्या १६७८ च्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या वैद्यांची साक्ष नागरी लिपीत छापलेली आहे, त्या पानावर फूल नाही म्हणून कोणी ते कचऱ्यात घातले, तर माझाही संताप होईल. तो मी ज्याने घातले त्याच्यावर काढीन, ठाण्यातल्या एखाद्या निवृत्त मुद्रकावर नव्हे.

आंतरजालावर चित्रे फुकट दिसतात, हे खरे आहे, अवश्य पाहावीत. रंगांविषयी आपण जे लिहिले आहे ते ऐकीव वाटते. रंग नंतर चढवलेली पाने बाजारात येतात, पण हातात पान धरले की छपाईच्या तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची चौकट बोटाला लागते, जुना जलरंग कागदात मुरून रेषेबाहेर केसभर गेलेला दिसतो, आणि ऑफसेटची नक्कल असेल तर भिंगाखाली ठिपक्यांची जाळी उघडी पडते. हे लिहून पटणार नाही. ठाण्यात असाल तर नाव सांगून घरी या. भिंग माझ्याकडे आहे.