खारं पाणी, चुंबकपट्टी आणि त्या कार्यशाळेत न झालेला शोध

दर्यापूरकडच्या आमच्या गावाच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: ‘मॉलिक्युलर मॅग्नेटिझमच्या कार्यशाळेत शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं, रेणूसुद्धा चुंबक होतो. बोअरच्या पाइपाला चुंबकपट्टी बांधा, खारं पाणी गोड होईल.’ खाली पट्टीचा भाव, साडेचार हजार. मी रसायनशास्त्रात पीएचडी करतोय आणि याच विषयाच्या, म्हणजे रेणूंच्या चुंबकत्वाच्या, एका कार्यशाळेत तीन दिवस बसून आलोय. तिथं पाणी दिसलं ते चहाच्या टेबलावर.

‘रेणू चुंबक होतो.’ होतो, पण कोणता? 1993 साली गाजलेल्या रेणूत मँगनीजचे 12 अणू होते. अशा अणूंमध्ये जोडीविना राहिलेले इलेक्ट्रॉन असतात, चुंबकपणा त्यांचा. तोही टिकायचा उणे 269 अंशांच्या आसपासच्या थंडीत. 2018 मध्ये डिस्प्रोसियम या धातूच्या एका रेणूनं 80 केल्विनपर्यंत (उणे 193 अंश) मजल मारली, म्हणजे द्रव नायट्रोजनची थंडी त्याला जेमतेम पुरली. ही थंडी आपल्याला नवी नाही. गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्या वाफाळत्या कॅनमध्ये बुडवून ठेवतात, ती हीच. मे महिन्यातल्या वऱ्हाडातल्या पाइपात ती कुठून आणणार?

‘पाण्याचे रेणू चुंबकित होतात.’ पाण्यात सगळे इलेक्ट्रॉन जोडीजोडीनं आहेत. चुंबक जवळ नेला तर पाणी उलट किंचित दूर ढकललं जातं. 1997 मध्ये नेदरलँड्समध्ये याच जोरावर जिवंत बेडूक हवेत तरंगवला होता. त्यासाठी 16 टेस्लाचं, म्हणजे प्रचंड ताकदीचं, चुंबकीय क्षेत्र लागलं. बाहेर काढल्यावर बेडूक बेडूकच.

‘खारेपणा जातो.’ खारेपणा विरघळलेल्या क्षारांचा. चुंबक लावून ते पाण्यातून निघत नाहीत. काकाजींनी पट्टी आधीच घेतली होती, म्हणून त्यांच्याच बोअरवर टीडीएस मीटर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजायचं यंत्र, धरला. पट्टीआधी आणि पट्टीनंतर आकडा तोच, शेवटचा अंक तेवढा नाचत होता. काकाजींनी मीटर उलटा करून पाहिला, सेल तर उतरले नाहीत ना म्हणून.

आणि शेवटी, ‘शास्त्रज्ञ सांगतात, आपण काय विचारणार?’ याचाच मला जास्त राग आला. त्या कार्यशाळेत निवृत्त प्राध्यापक आणि एमएस्सीची पोरं एकाच बाकावर होती. एका मोठ्या शास्त्रज्ञाच्या चुंबकत्वाच्या आलेखात 50 केल्विनजवळ उंचवटा होता. मागून एक मुलगी म्हणाली, ‘सर, हा नमुन्यात अडकलेला ऑक्सिजन तर नाही?’ गोठलेला ऑक्सिजन तिथंच असा खोडसाळपणा करतो. सर दोन क्षण पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, ‘पुन्हा मोजतो.’

काकाजींना हे सगळं सांगितलं. पट्टी सोडता सोडता म्हणाले, ‘मंग त्या शेततळ्याचा फारम भरून देजो बाप्पा.’