‘एमक्यू-१३५ लावा, घरची हवा मोजा’: या दाव्यातलं किती खरं?

स्मार्ट होमची हौस असलेल्या मंडळींमध्ये एक मजकूर बराच फिरतोय. त्यातला एमक्यू-१३५ म्हणजे हवेतल्या वायूंसाठी विकला जाणारा एक छोटा सेन्सर, आणि ईएसपी३२ म्हणजे त्याचे आकडे वायफायवरून पाठवणारी चिप. मजकुराचा सारांश असा: ‘एक एमक्यू-१३५ घ्या, ईएसपी३२ला जोडा, तयार लायब्ररी टाका. कार्बन डायऑक्साइड, धूळ, विषारी वायू, एक्यूआय, सगळं मोबाइलवर दिसेल. कॅलिब्रेशनची भानगड नाही. बाजारातल्या महागड्या मॉनिटरांच्या पोटात हेच असतं.’

घरी सेन्सर बनवण्याला माझा विरोध नाही, उलट ते जरूर करावं. पण या मजकुरातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही.

‘एमक्यू-१३५ कार्बन डायऑक्साइड मोजतो.’ मोजत नाही. त्याच्या जाळीखाली टिन डायऑक्साइडचा थर असतो आणि तो तापवणारा एक हीटर. अमोनिया, अल्कोहोल, बेंझिन, धूर यांची तापलेल्या थराशी गाठ पडली की थराचा विद्युतरोध बदलतो. आपल्या हाती येतो तो फक्त हा रोध. तो कशामुळे बदलला, हे सेन्सरला सांगता येत नाही. आणि कार्बन डायऑक्साइड तर आधीच पुरता ऑक्सिडीकरण झालेला वायू. त्या थरावर जळायला त्यात काही उरलेलंच नसतं.

मग मोबाइलवर ४१० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४१० भाग) येतं कुठून? त्यासाठी या सेन्सरची प्रचलित लायब्ररी, म्हणजे तयार कोड, उघडून बघा. वातावरणातला कार्बन डायऑक्साइड म्हणून ३९७.१३ हा आकडा तिथे आधीच लिहून ठेवलेला सापडेल. कॅलिब्रेशनच्या, म्हणजे सेन्सरची पातळी जुळवण्याच्या, वेळी जो काही रोध असेल तो म्हणजे ३९७.१३ पीपीएम असं धरायचं आणि पुढचं गणित त्यावर बेतायचं, अशी ती युक्ती आहे. त्यामुळे ‘स्वच्छ हवेत बरोबर ४००च्या आसपास दाखवतो’ हा जो पुरावा लोक अभिमानाने देतात, तो उत्तरपत्रिकेत आपणच लिहिलेलं उत्तर आपणच तपासून पूर्ण गुण देण्यासारखा आहे.

खात्री करायची असेल तर सॅनिटायझर लावलेला हात सेन्सरजवळ न्या. खोलीतला कार्बन डायऑक्साइड होता तेवढाच राहतो, आकडा मात्र उसळतो. माणसं भरलेल्या बंद खोलीत आकडा वाढलाच, तरी त्यामागे दमटपणा असू शकतो, कारण बाष्प वाढलं की या थराचा रोध उतरतो.

सीसीएस८११ आणि एसजीपी३० या सेन्सरांचा ‘ईसीओटू’ (कार्बन डायऑक्साइडचा म्हणून दाखवलेला आकडा) हा याच घराण्यातला, जरा नीटनेटका प्रकार. तोही मोजलेला नसतो, इतर वायूंवरून काढलेला अंदाज असतो. रंगाचा, क्लीनरचा वास खोलीत कधी चढला आणि कधी ओसरला हे बघायला हे सेन्सर चांगले. पंखा किंवा खिडकी त्यांच्या ईसीओटूवर चालवू नका.

कार्बन डायऑक्साइड खरोखर मोजायचा तर त्याचा एक हट्टी गुण उपयोगी पडतो: तो ४.२६ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश शोषतो. एमएच-झेड१९, सेन्सएअर एस८, एससीडी३० हे किती प्रकाश शोषला गेला ते बघतात. एससीडी४० आणि एससीडी४१ची तऱ्हा आणखी मजेशीर आहे. प्रकाशाचे ठोके दिले की वायू तापतो आणि निवतो, त्यातून दाबाची बारीक लहर उठते, आणि ती आतला मायक्रोफोन ऐकतो.

‘कॅलिब्रेशनची भानगड नाही.’ खरी भानगड इथेच आहे, आणि ती चांगल्या सेन्सरांनाही सुटलेली नाही. यातले बहुतेक सेन्सर स्वतःची पातळी आपोआप जुळवतात. ठरावीक काळातला सर्वांत कमी आकडा म्हणजे बाहेरची ताजी हवा, अर्थात ४०० पीपीएम, असं ते धरून चालतात. एमएच-झेड१९ हे चोवीस तासांच्या फेऱ्यात करतो, एससीडी४० साधारण आठवड्याच्या. रोज मोकळी होणाऱ्या खोलीत हे ठीक चालतं. पण जी खोली कधीच ७००च्या खाली उतरत नाही, तिथे सेन्सर हळूहळू ७००लाच ४०० समजू लागतो. मग खरे ११०० पीपीएम असताना तो ८००च्या आसपास दाखवतो आणि १०००वर लावलेला पंखा सुरूच होत नाही. आलेख इतका शांत दिसतो की कुणाला शंकाही येत नाही.

उपाय अवघड नाही. ईएसपी३२साठीच्या ईएसपीहोम या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप जुळवणी बंद करता येते. मग सेन्सर बाहेरच्या मोकळ्या हवेत ठेवायचा, आकडा स्थिरावू द्यायचा (एमएच-झेड१९साठी किमान वीस मिनिटं) आणि हाताने पातळी ठरवायची. बाहेरची हवा आता ४०० राहिलेली नाही. हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेची वार्षिक सरासरी २०२३मध्येच ४२०च्या वर गेली. पण ज्याची अचूकता मुळात ±५० पीपीएम आणि वर आकड्याच्या पाच टक्के, त्या एससीडी४०साठी या वीस पीपीएमच्या फरकाची काळजी करत बसू नये.

‘धूळही त्यातच कळते.’ नाही. धुळीला लेसर लागतो, म्हणजे पीएमएस५००३ किंवा एसपीएस३० हा वेगळा भाग. तोही दमट हवेत फुगलेले कण मोठे समजून आकडा चढवतो. पीएमएस५००३ वापरणाऱ्या पर्पलएअर या मॉनिटरच्या नोंदींसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने दुरुस्तीचं सूत्र काढलं, त्यात आर्द्रतेचं पद मुद्दाम आहे. ५० टक्के आर्द्रतेत सेन्सरचे ६० मायक्रोग्रॅम त्या सूत्राने ३३च्या आसपास येतात. सूत्र तिथल्या बाहेरच्या हवेवर बेतलेलं आहे, घरात ते डोळे झाकून लावू नये. पीएमएस५००३च्या पीएम१०वर (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांच्या आकड्यावर) तर मी विसंबतच नाही.

एक्यूआयबद्दल एवढंच: धुळीसाठी तो मुळात चोवीस तासांच्या सरासरीवर काढायचा निर्देशांक आहे, आणि प्रत्येक देशाचे टप्पे वेगळे. दर दहा सेकंदांनी बदलणारा ‘एक्यूआय’ दाखवण्यापेक्षा घनमीटरमागे किती मायक्रोग्रॅम ते सरळ दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ची पीएम२.५साठीची (२.५ मायक्रॉनपर्यंतच्या कणांसाठीची) मर्यादा चोवीस तासांना १५ आहे, तुलना तिच्याशी करता येते.

‘विषारी वायूंचीही सूचना मिळते.’ हे वाक्य त्या मजकुरातून काढूनच टाकायला हवं. कार्बन मोनॉक्साइडसाठी सुचवला जाणारा एमक्यू-७ सुद्धा ६० सेकंद ५ व्होल्ट आणि ९० सेकंद १.४ व्होल्ट अशा फेऱ्यांनी तापवावा लागतो. त्याला सतत ५ व्होल्ट देऊन आलेल्या आकड्यावर घरातल्यांचा जीव सोपवता येत नाही. त्यासाठी प्रमाणित अलार्मच हवा, तोही वायफाय गेलं तरी वाजणारा.

‘महागड्या मॉनिटरांत हेच असतं.’ अर्धं खरं. एअरग्रेडियंट या मॉनिटरचा आराखडा खुला आहे, तो बघा: पीएमएस५००३ आणि सेन्सएअर एस८, म्हणजे आपल्यालाही मिळणारेच भाग. एमक्यू-१३५ मात्र तिथे नाही. उरलेला फरक बराचसा डब्यात असतो. ईएसपी३२ तापतो, आणि त्याला चिकटून बीएमई२८० हा तापमान-आर्द्रतेचा सेन्सर बसवला की तापमान जास्त आणि आर्द्रता कमी दिसते. म्हणून तापणारे भाग वर, सेन्सर खाली, मध्ये आडोसा, आणि पीएमएस५००३च्या पंख्याने बाहेर टाकलेली हवा पुन्हा त्याच्याच तोंडात जाणार नाही अशी भोकं. एवढं जमलं तर घरचा डबा विकतच्याच्या बराच जवळ जातो.